परमुलखातील रुग्णशय्या

स्वगृही येणारे आजारपण आणि कामगिरीवर असताना परमुलखात गाठणारे आजारपण यांची वैद्यकीय लक्षणे जरी एकच असली, तरी त्या दोहोंत केवढे अंतर असते, हे फिरतीच्या नोकरीत उभी हयात घालविलेल्या माणसास निराळे सांगावयास नको. घरी ज्वर आला म्हणजे खिडकीतून दिसणारे नेहमीचे झाड, ठरलेल्या वेळी वाहू लागणारा नळ, शेजारच्या खोलीतील ओळखीची कुजबूज, यांच्या योगाने रुग्णाच्या दिवसाचे प्रहर आपोआप पडत जातात. डाकबंगल्यात किंवा लॉजच्या खोलीत यांपैकी काहीच नसते. तेथे सकाळ कोठे संपली आणि दुपार कोठे सुरू झाली याचा पत्ता लागत नाही, पथ्यपाण्याची तजवीज परक्यांच्या मर्जीवर चालते, आणि ज्या कामासाठी एवढा प्रवास केला ते काम कागदपत्रांच्या पेटीत तसेच पडून आहे ही टोचणी ज्वरापेक्षाही अधिक जाळते. अशा वेळी पुष्कळ माणसांचा हात नव्या चटकदार पुस्तकाकडे न जाता एखाद्या जुन्या, मान्यताप्राप्त, पुष्कळदा वर्षानुवर्षे वाचावयाच्या राहून गेलेल्या कादंबरीकडे का जातो, याचा शोध घेऊ लागले असता एक उदाहरण विशेष उपयोगी पडते. कारण त्यातील रुग्ण जगद्विख्यात होता, त्याच्या वैद्याने दैनंदिनी ठेवली होती, आणि रुग्णाने स्वतःही पुढे आपल्या महायुद्धाच्या इतिहासात त्या दिवसांची हकीकत नमूद करून ठेवली आहे. हा रुग्ण म्हणजे विन्स्टन चर्चिल. स्थळ, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील प्राचीन कार्थेज. आणि कादंबरी, जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’.

१२ नोव्हेंबर १९४३ रोजी चर्चिल ‘रिनाउन’ या युद्धनौकेवरून इंग्लंड सोडून निघाला, तेव्हाच त्याला जबर पडसे झालेले होते, घसा धरलेला होता, आणि प्रवासापूर्वी टोचून घेतलेल्या लशींचा त्रास त्यात मिळालेला होता. माल्टाच्या मुक्कामातील त्याचा बराच वेळ अंथरुणातच गेला. पुढे कैरोला रूझवेल्ट आणि चिआंग कै-शेक यांच्याशी मसलती, तेथून तेहरानला स्टालिनशी भेट, त्या परिषदेच्या धामधुमीतच ३० नोव्हेंबरला साजरा झालेला ६९ वा वाढदिवस, पुन्हा कैरो, पुन्हा बैठका आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चाललेली जेवणे, असा तो दौरा होता. ११ डिसेंबरला ट्युनिसकडे निघालेले त्याचे विमान भलत्याच तळावर उतरले, आणि योग्य त्या ठिकाणी जाण्याची व्यवस्था होईपर्यंत ब्रिटिश साम्राज्याचा मुख्य प्रधान सकाळच्या बोचऱ्या वाऱ्यात आपल्याच सामानावर बसून राहिला. अमेरिकन सेनापती आयसेनहॉवर याच्या कार्थेज येथील बंगल्यात अल्प मुक्काम करून इटलीतील आघाडी पाहण्यास जावयाचे, हा मूळचा बेत होता. बंगल्यात पोचल्यावर त्याने यजमानास एवढेच कळविले की, आपण अगदी थकून गेलो आहोत आणि येथे ठरल्यापेक्षा अधिक दिवस राहणे प्राप्त आहे. पुढील दोन दिवसांत क्षकिरणांचे फिरते यंत्र आणविण्यात आले, आणि फुप्फुसाच्या तळाशी न्युमोनियाची छाया दिसली. त्यातच हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले. कैरोहून हृद्रोगतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ आणि छातीच्या विकारांचे वैद्य अशी मंडळी पाचारण करण्यात आली, व त्या बंगल्यास थोड्याच अवधीत लष्करी रुग्णालयाचे स्वरूप आले.

येथे औषधयोजनेविषयी थोडा खुलासा अवश्य आहे. कारण या आजाराविषयी एक दंतकथा अद्यापि प्रचारात आहे. फ्लेमिंगने शोधलेल्या पेनिसिलिनमुळे चर्चिल वाचला, आणि त्या फ्लेमिंगच्या बापाने म्हणे चर्चिलला बालपणी बुडताना वाचविले होते, ही कथा ऐकावयास फार गोड आहे, परंतु ती दोन्ही बाजूंनी असत्य आहे. चर्चिलला दिले ते ‘एम अँड बी ६९३’ या नावाने ओळखले जाणारे सल्फापिरिडिन. इंग्लंडातील मे अँड बेकर या कंपनीचे, १९३८ मध्ये प्रसिद्धीस आलेले औषध. जंतूंना आपल्या वाढीसाठी फॉलिक आम्ल स्वतःच तयार करावे लागते, आणि त्यासाठी लागणाऱ्या द्रव्याशी या औषधाची घडण इतकी मिळतीजुळती असते की जंतूंच्या शरीरातील यंत्रणा फसते व कच्च्या मालाऐवजी औषधच उचलते; जंतूंची वाढ तेथेच खुंटते, आणि उरलेले काम रुग्णाच्या रक्तातील पेशी उरकतात. १९३८ मध्येच बर्मिंगहॅमच्या एका रुग्णालयात न्युमोनियाच्या रुग्णांचे दोन गट करून जी तुलना झाली, तीत जुन्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी शेकडा २७ दगावले, तर हे औषध मिळालेल्यांपैकी शेकडा ८. हृदयासाठी डिजिटॅलिस होते. ते मात्र अठराव्या शतकापासून वैद्यांच्या परिचयाचे. आपला वैद्य लॉर्ड मोरान आणि हृद्रोगतज्ज्ञ बेडफर्ड या दोघांच्या नावांची आद्याक्षरे औषधाच्या नावाशी जुळतात हे पाहून चर्चिलने त्या जोडगोळीसच ‘एम अँड बी’ म्हणावयास आरंभ केला, आणि कादंबरीचा प्रभाव सांगतानाही तिचे या औषधाशी चांगले जमले, असा शेरा त्याने थट्टेने मारून ठेवला आहे. या थट्टेत तारतम्य आहे: फुप्फुस बरे केले ते औषधाने, कादंबरीचे काम दुसरे होते.

ते काम कोणते, हे समजण्यासाठी ज्वरात माणसाच्या कालगणनेचे काय होते ते पाहिले पाहिजे. हडसन होगलंड या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाची पत्नी एकदा फ्लूने आजारी होती. तो थोडा वेळ बाहेर जाऊन आला, तर आपण फारच वेळ गेला होता अशी तिची तक्रार. नवरा शास्त्रज्ञ असल्यामुळे त्याने समजूत घालण्याऐवजी घड्याळ हाती घेतले आणि तिला सेकंदास एक या मानाने साठ अंक मोजावयास सांगितले. (त्या साध्वीच्या सहनशीलतेची नोंद शास्त्राच्या इतिहासात व्हावयास हवी होती.) ताप १०३ अंशांच्या आसपास असताना तिचे साठ अंक घड्याळाची चाळीस सेकंदे पुरी होण्यापूर्वीच संपले, ताप उतरू लागला तसतशी तिची गणती मंदावत गेली. १९३३ मध्ये होगलंडने हे प्रयोग प्रसिद्ध केले. शरीराचे तापमान वाढले म्हणजे आतले घड्याळ जलद चालते, आणि म्हणूनच बाहेरचा काळ असह्य मंदगतीने सरकतो आहे असे वाटते. रुग्णाचा तास हा खरोखरच निरोग्याच्या तासाहून लांब असतो. त्यातच, ज्या माणसाचा दिवस तारा, मसुदे, बैठका आणि हुकूम यांनी खच्चून भरलेला असावयाचा, त्याच्या हातून हे सर्व काढून घेतले म्हणजे त्या लांबलेल्या तासात भरावयाचे तरी काय?

वर्तमानपत्र चालत नाही, कारण ते कामाचीच आठवण देते. रहस्यकथा एका बैठकीत वाचावयाची असते. ग्लानी आणि जाग यांच्या लपंडावात तिचे धागे हातून सुटतात आणि खुनी कोण हे कळावयाच्या आधीच खून कोणाचा झाला याचा विसर पडतो. जुन्या कादंबरीची वाट मात्र वारीच्या वाटेसारखी असते. मुक्काम पूर्वीच ठरलेले, चाल संथ, आणि मध्येच कोणी मागे पडले तरी पुढच्या मुक्कामी त्याला दिंडी गाठता येते. शिवाय तिचा शेवट वाचकास बहुधा ऐकून माहीत असतो, आणि ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एलिझाबेथचे लग्न डार्सीशी होणार हे ठाऊक असल्याने रसहानी न होता उलट निर्धास्तपणा येतो. चार्ल्स डार्विन हाही आयुष्यभराचा रुग्ण. त्याला घरातील मंडळी कादंबऱ्या वाचून दाखवीत, आणि दुःखान्त कादंबऱ्यांना कायद्याने बंदी असावी असे त्याने आपल्या आत्मचरित्रात अर्धवट थट्टेने म्हणून ठेवले आहे. जीवसृष्टीतील निर्दय कलहाचा एवढा मोठा भाष्यकार गोड शेवटासाठी असा हटून बसावा, याचे ज्याला नवल वाटत असेल त्याने दीर्घ आजार भोगलेला नसावा.

कार्थेजच्या खोलीत वाचून दाखविणारी होती चर्चिलची कन्या सारा. ती व्यवसायाने नटी, युद्धकाळात हवाई दलाच्या स्त्री-विभागात अधिकारी, आणि या दौऱ्यात बापाची सोबतीण. पायथ्याशी बसून ती फार सुरेख वाचीत असे, अशी पावती श्रोत्याने दिलेली आहे. ज्वरात डोळ्यांना प्रकाश सोसत नाही, पुस्तक हाती धरण्याचेही श्रम होतात. परंतु यापेक्षाही, दुसऱ्याच्या आवाजात कथा ऐकताना गतीचा ताबा आपल्याकडे राहत नाही, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्याने आयुष्यभर इतरांना हुकूम सोडले, त्याला या निमित्ताने कोणाच्या तरी गतीने चालावे लागले.

आणि त्या गतीने चालता चालता, कादंबरी थोडीशी पुढे सरकते न सरकते तोच, श्रोत्याच्या कानी काय पडते? लाँगबोर्नच्या बेनेट घराण्यातील थोरली मुलगी जेन शेजारच्या नेदरफील्डला जेवणाच्या निमंत्रणावरून निघते. पाऊस आला तर तिला रात्री तेथेच ठेवून घेतील, या हिशेबाने आई तिला गाडी न देता घोड्यावर पाठविते. पाऊस येतो, मुलगी भिजते, पडशाने व तापाने अंथरूण धरते, आणि परक्या घरी तिला काही दिवस मुक्काम करावा लागतो. धाकटी बहीण एलिझाबेथ चिखल तुडवीत तीन मैल चालत तिच्या शुश्रूषेसाठी येते. गावचा औषधवाला काढे देतो, आणि घरच्या यजमानीण बायका लंडनहून मोठा वैद्य आणविण्याची भाषा करतात. परक्याच्या बंगल्यात ज्वराने पडलेला, विमानतळावरच्या वाऱ्याने बाधलेला, आपल्यासाठी कैरोहून मोठमोठे वैद्य आणविले गेलेले पाहिलेला हा रुग्ण ही प्रकरणे ऐकताना मनात काय म्हणत असेल, याचे अनुमान करण्याचा मोह मला आवरत नाही. परमुलखातील आजारपण ही येथे आपत्ती नाही. ती कथेची आवश्यक पायरी आहे. नेदरफील्डला जेन आजारी पडली नसती तर एलिझाबेथ आणि डार्सी एका छपराखाली राहिले नसते, आणि कादंबरी तेथेच संपली असती. वाया गेलेल्या दिवसांची टोचणी ज्याला लागली आहे, त्याच्यापुढे आजारपणाचे दिवसही कोणत्या तरी आराखड्यात बसतात असे मांडणारी याहून सुंदर कथा क्वचितच सापडेल.

यावरून प्रत्येक अभिजात कादंबरी रुग्णास पथ्यकर असते असे मात्र कोणी समजू नये. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, कासाब्लांका, कैरो, तुर्कस्तान, ट्रिपोली, अल्जीर्स असा लांबलचक दौरा आटोपून परतल्यावर चर्चिलला न्युमोनियाने एकवार गाठलेच होते. त्या वेळी सरकारी कागदपत्रे अगदी महत्त्वाची तेवढीच पाहावयाची आणि एरवी कादंबरी वाचावयाची, असा तह डॉक्टरांशी झाला. आणि निवड पडली ती डॅनियल डीफोच्या १७२२ सालच्या ‘मॉल फ्लँडर्स’वर, म्हणजे न्यूगेटच्या तुरुंगात जन्मलेल्या, पाच नवरे केलेल्या आणि चोरीत नामांकित झालेल्या नायिकेच्या चरित्रावर. पुस्तक संपल्यावर त्याने ते डॉक्टरांनाच, त्यांचे मन रमावे म्हणून देऊन टाकले व हा उपचार यशस्वी झाल्याचे लिहून ठेवले. माझे मत विचाराल तर, डीफो हा ताप उतरल्यावर वाचावयाचा ग्रंथकार. रशियन कादंबरीतील रस्कोल्निकोव्ह या खुन्याचा भ्रम तर ज्वरात वाचूच नये. आणि आपल्या हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कितीही थोर कादंबरी असली, तरी यमूची दुःखे सोसावयास प्रकृती धडधाकट लागते.

पुस्तकांची अशी मात्रा ठरविण्याचा प्रयत्न काही चर्चिलच्या खोलीत प्रथम झाला नाही. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने मन खचलेल्या सैनिकांसाठी वाचनाची निवड सुचविण्याचे काम ब्रेट-स्मिथ नावाच्या ऑक्सफर्डच्या अध्यापकाकडे होते, आणि अतिशय हादरलेल्या रुग्णांसाठी तो जेन ऑस्टेन सांगत असे, असे म्हणतात. किप्लिंगने १९२४ मध्ये ‘द जेनाइट्स’ या कथेत खंदकातील ऑस्टेनभक्तांचा एक गुप्त पंथच रंगविला. अमेरिकेत सॅम्युअल क्रॉदर्स या धर्मोपदेशकाने १९१६ साली रोग्यांना पुस्तके लिहून देणाऱ्या एका काल्पनिक दवाखान्याचे विनोदी वर्णन केले. त्याने थट्टेत सुचविलेली कल्पना पुढे ग्रंथालयवाल्यांनी आणि मानसोपचारवाल्यांनी पूर्ण गांभीर्याने उचलली. स्वतः हॅरॉल्ड मॅकमिलन, जो १९४३ मध्ये अल्जीर्सला ब्रिटिश मंत्री होता आणि पुढे मुख्य प्रधान झाला, तो १९१६ मध्ये सोमच्या लढाईत जखमी होऊन एका तोफगोळ्याच्या खड्ड्यात कित्येक तास पडला असता खिशातील एस्किलस मूळ ग्रीकमध्ये वाचीत होता. असे औषध सर्वांना मानवेल असे मात्र वाटत नाही.

चर्चिलने कादंबरीवर दिलेला अभिप्राय प्रसिद्ध आहे. या लोकांची आयुष्ये किती शांत होती, फ्रेंच राज्यक्रांतीची त्यांना चिंता नाही की नेपोलियनच्या युद्धांची दखल नाही, असा त्याचा आशय. वाचकांनी तो पुष्कळ वेळा मान डोलावून उद्धृत केला आहे. परंतु तो बरोबर नाही. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ प्रसिद्ध झाली ती जानेवारी १८१३ मध्ये, वॉटर्लूच्या दोन वर्षे आधी, युद्ध ऐन भरात असताना. जेन ऑस्टेनचे दोन भाऊ आरमारात अधिकारी होते. तिच्या आत्याच्या मुलीचा फ्रेंच नवरा १७९४ मध्ये गिलोटिनखाली गेला होता. खुद्द कादंबरीत मेरिटनला पलटण येऊन राहते, तांबडे अंगरखे बेनेट मुलींची डोकी फिरवितात, आणि कथेतील खलनायक विकम या पलटणीतूनच येतो. ही पलटण तेथे नाचगाण्यासाठी नव्हे, देशाच्या संरक्षणासाठी उभारलेली होती. युद्ध या लेखिकेला ठाऊक नव्हते असे नाही. तिने त्याला किती जागा द्यावयाची हे ठरविले होते. पर्जन्य, पत्र, भोजन, अपमान, विवाह यांना तिच्या जगात जसे प्रमाण आहे, तसे पलटणीलाही आहे, आणि कोणतीही गोष्ट आपल्या प्रमाणाबाहेर वाढून घर व्यापून टाकीत नाही. ज्वरात नेमके हेच सुटलेले असते. कार्थेजच्या रुग्णाला जी शांतता त्या माणसांच्या नशिबाची वाटली, ती वस्तुतः लिहिणारीच्या हाताची होती.

आपल्याकडील वाचकास या प्रसंगाकडे निव्वळ साहित्यप्रेमाच्या डोळ्यांनी पाहता येत नाही, हेही नमूद केले पाहिजे. चर्चिल १८९६ मध्ये तरुण अधिकारी म्हणून मुंबईस ससून डॉकवर उतरला, तो धक्क्यावरील लोखंडी कडी धरताना खांदा निखळवूनच. तेथून पुण्याची छावणी, आणि पुढे बंगलोरच्या निवांत दुपारी गिबनचे वाचन. दौऱ्यावरची दुखापत आणि जुने ग्रंथ यांची सांगड त्याच्या आयुष्यात येथूनच पडली असे म्हणता येईल. परंतु फेब्रुवारी १९४३ मध्ये लंडनला तो ‘मॉल फ्लँडर्स’ चाळीत असताना पुण्यास आगाखान पॅलेसच्या कैदेत गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण चालू होते. आणि डिसेंबरात कार्थेजला बेनेट घराण्याच्या विवाहचिंता ऐकल्या जात असताना, त्या वर्षभर बंगालमध्ये अन्नान्न करून माणसे मरतच होती. त्या दुष्काळाने सुमारे तीस लाख बळी घेतले असे मानतात, आणि धान्याच्या जहाजांसाठी हिंदुस्थानातून गेलेल्या मागण्यांना लंडनच्या मंत्रिमंडळाने दिलेला प्रतिसाद अत्यंत कृपण होता. कादंबरीने माणसाचे अंतःकरण विशाल होते असे आपण सभासंमेलनांतून म्हणतो. या उदाहरणात तसा पुरावा मिळत नाही.

कादंबरीने रुग्णाच्या दिवसाला कडा आणल्या, एवढे फार तर म्हणता येईल. बाकी माणूस तोच होता. नाताळच्या दिवशी, अंगात अद्याप अशक्तपणा असतानाच, रेशमी झुलीसारख्या घोळदार झग्यात त्याने आयसेनहॉवर, अलेक्झांडर प्रभृती सेनाधिकाऱ्यांची बैठक त्याच बंगल्यात भरविली, आणि रोमच्या दक्षिणेस अँझिओच्या किनाऱ्यावर फौजा उतरविण्याची आपली आवडती योजना मंजूर करून घेतली. २७ डिसेंबरला विश्रांतीसाठी त्याची माराकेशला रवानगी झाली. २२ जानेवारी १९४४ रोजी फौजा अँझिओला उतरल्या, आणि मे महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत त्या किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीतच अडकून पडल्या.